कुठे पाजतेस

"मग, कुठे पाजतेस?" दवाखान्याच्या फाटकाबाहेर पडल्या पडल्या देसांकाने विचारलं.

सकाळचे सात वाजले होते, दोघींची रात्रपाळी नुकतीच संपली होती. नेवेना दचकलीच. देसाताई विचारणार नाही, असं तिने गृहीत धरलं होतं. काल संध्याकाळी फळ्यावर कागद लागला होता: वॉर्डाची नवी हेडसिस्टर, नेवेना. त्या खुर्चीत देसांका बसणार, असं अख्खा वॉर्ड समजून चालला होता. देसांकासुद्धा. नेवेनाने अर्ज केलाय हे तिला त्या फळ्यापाशीच कळलं, तेही चारचौघींत. नेवेनाला शीर शोधायला शिकवलं होतं ते तिनेच. रात्रभर ती नेहमीसारखी काम करत राहिली. सलाइन बदलली, पलंगावरून उतरू बघणाऱ्या म्हातारबुवांना परत निजवलं, चहा मात्र एकटीचाच केला.

बेलग्रेडमध्ये कुणाचं काही चांगलं झालं की त्याने पाजायचं आणि बाकीच्यांनी प्यायचं. न पाजणारा कंजूष ठरतो. पण न पिणारा त्याहून वाईट, त्याला तुमचं बरं झालेलं नकोच असतं. नेवेनाला आज एवढंच हवं होतं, की देसाताईने तिच्याकडून एक पेला प्यावा. झोप नंतर.

तिने फाटकासमोरच्या कफान्याकडे, जुन्या धाटणीच्या खानावळवजा बारकडे, बोट केलं. चौकड्यांचे टेबलक्लॉथ, सकाळपासून उघडा, रात्रपाळीच्या सगळ्या सिस्टर्सचा ठरलेला अड्डा. वेटरने त्यांना बघून नेहमीसारखी दोन बोटं वर केली: दोन कॉफ्या, दोन पेले राकियाची दारू? देसांका उंबऱ्यावरच थांबली.

"इथे आपण हेडसिस्टरला शिव्या घालायला येतो," ती म्हणाली. "आज कुणाला घालायच्या?"

नेवेना सवयीने हसली. देसाताईच्या त्या आवाजाला सगळेच हसायचे. पण देसांका हसत नव्हती. वेटरची बोटं हळूच खाली गेली आणि दोघी पुढे निघाल्या.

कोपऱ्यावर नवीन बार झाला होता, छताला टांगलेली झाडं, उंचच उंच स्टुलं. देसांकाने मेनू आधी हातभर लांब धरला, मग नाकापाशी आणला, आणि काकडी न घातलेलं काही प्यायला मिळतं का, असं तिथल्या मुलीला विचारलं. ती मुलगी आत बघून येते म्हणाली. तोवर नेवेना एका स्टुलावर चढून बसलीसुद्धा होती.

"बैस तू वर," देसांका म्हणाली. "मला खालूनही दिसतेस."

नेवेना उतरली.

मग तिने हॉटेलची बाग सुचवली, लिंडनच्या झाडांखालची. तिथे डॉक्टर बसतात, त्यांची तोंडं रात्रभर बघितली तेवढी पुरे, असं देसांकाचं म्हणणं पडलं. सावा नदीवरची तरंगती हॉटेलं? पोटात काही नाही, तिथे हललं की ती उलटी करणार. नेवेनाने आणखी दोन जागा सांगितल्या. शेवटची तर तिने स्वतःही कधी पाहिली नव्हती. दवाखान्यापासूनचा उतार संपत आला होता आणि दोघींचे बूट दगडांवर घासत होते. ही पिणारच नाही, नेवेनाच्या लक्षात आलं. ट्राम येईपर्यंत मला गावभर हिंडवणार, आणि मग जाणार घरी.

ट्राम आली. देसांकाचीच. दारं उघडली. नेवेना वाटेतून बाजूला झाली. देसांकाने पायरीकडे पाहिलं, एखाद्या नवीन पेशंटकडे बघावं तसं. दारं मिटली आणि ट्राम गेली.

"भूक लागलीय," ती म्हणाली.

थांब्याला लागूनच बेकरी होती. बसायला जागा नाही, खिडकीशी उभ्याने खायची फळी तेवढी. सारण भरलेले, पापुद्र्यांचे दोन बुरेक, तेलाने कागद पारदर्शक झालेले, आणि दोन कागदी पेले भरून ताकासारखं पातळ दही. एरवी गल्ल्यापाशी दोघींची झोंबाझोंबी व्हायची, मी देते, मी देते. आज नेवेनाने पैसे काढले आणि देसांकाने ते देऊ दिले. नेवेनाला रडूच फुटायला आलं. तिने घाईघाईने पेला उचलून पुढे केला.

"थांब," देसांका म्हणाली.

पेला भिडवताना डोळ्यांत बघायचं असतं, नाहीतर शुभेच्छा पोकळ जाते. हे इथे लहान पोरांनाही माहीत असतं. नेवेना मात्र पेल्यातल्या दह्याकडे बघत होती.

"देसाताई, मी तुला सांगणार होते. अर्ज केला त्याच दिवशी सांगणार होते."

"सांगितलं असतंस तर मी तुला करू दिला नसता," देसांका म्हणाली. "वर बघ."

नेवेनाने मान वर केली. देसांकाचे डोळे लाल होते, पापण्या सुजल्या होत्या. ते जागरणाने की कशाने, हे कळायला मार्ग नव्हता. पण ते डोळे हलले नाहीत. पेले भिडले. कागदाचेच ते, आवाज झाला नाही.

देसांकाने औषध घ्यावं तसं एका दमात सगळं पिऊन टाकलं आणि ओठावरची पांढरी मिशी मनगटाने पुसली. मग नेवेनाच्या खांद्यावरची जड पिशवी उतरवून तिने आपल्या खांद्याला अडकवली.

"आता दोन्ही हातांनी पी," ती म्हणाली. "थरथरतायत बघ."