नंबर तोच ठेवायचा ना?

"राहू दे ते, हात लावू नका," गुणाजी म्हणाले. तोवर काळुरामने जुन्या मोडेमची वायर काढलीही होती.

दर्शनाने कपाळावर हात मारला. "बाबा, आता परत सुरू नका करू. सकाळीच बोलणं झालंय ना आपलं?"

मोडेम केबलवाल्याचा होता, भाड्याचा. डोंबिवलीच्या त्या दोन खोल्यांत नऊ वर्षं टीव्हीशेजारी तापत पडलेला. दर्शना आठवड्यातले दोन दिवस ठाण्याहून माहेरी येऊन काम करायची आणि ऐन मीटिंगमध्ये नेट जायचं. शेवटी तिने स्वतःच नवा मोडेम विकत आणला. भाडं सुटेल, नेटही नीट चालेल. यात नाही म्हणण्यासारखं काय आहे, ते तिला कळत नव्हतं. गुणाजी मात्र चार महिने नाहीच म्हणत होते. कारण विचारलं की उठून गॅलरीत जायचे.

आई तिच्या बाजूने होती. शालनताईंची एकच अट होती. घरचा फोन त्याच मोडेममधून चालायचा, तो बंद पडता कामा नये.

तो फोन आता कोणी वापरत नसे. तो सूरजसाठी होता. दर्शनाचा धाकटा भाऊ. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला त्याचं डोकं बिघडलं. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. मोबाइल तो कुठेही टाकून यायचा, म्हणून शालनताईंनी त्याच्याकडून घरचा नंबर रोज म्हणवून घेऊन पाठ करवला होता. सात वर्षांपूर्वी एका दुपारी ठाकुर्लीला मित्राकडे जाऊन येतो म्हणाला आणि गेला तो गेलाच.

तेव्हापासून शालनताईंनी घर कधी रिकामं ठेवलं नाही. नातीच्या बारशालाही त्या शेजारणीला फोनपाशी बसवून गेल्या. फोन चालू आहे ना, याचीही त्यांना धास्ती असायची. म्हणून दर रविवारी गुणाजी गॅलरीत उभे राहून आपल्या मोबाइलवरून घरी रिंग द्यायचे. आत घंटा वाजली की शालनताई रिसीव्हर उचलून म्हणायच्या, "चालू आहे हो."

"मावशी, टेन्शन नको घेऊ," काळुराम म्हणाला. केबलवाल्याकडे वीस वर्षं काढलेला माणूस. त्याने असली बरीच घरं पाहिली होती. "नव्या बॉक्सवर पण फोन लागतो. फक्त कंपनीत नोंद करायला लागते." त्याने मोबाइलवर गुणाजींचं खातं उघडलं. "नंबर तोच ठेवायचा ना?"

"तोच. तो बदलायचाच नाही," शालनताई म्हणाल्या.

"शेवटी नऊ शून्य दोन आठ. बरोबर?"

"नाही रे. चार चार सात एक."

काळुरामने स्क्रीन सरकवून पाहिली. "तो जुना झाला, मावशी. तीन वर्षांपूर्वीच बदललाय. काकांनीच अर्ज दिलेला. सही आहे ना त्यांची."

"काहीतरी चुकलं असेल तुमच्या कंपनीचं," दर्शना म्हणाली. ती बाबांकडे वळली. गुणाजी खुर्चीत बसले होते. त्यांची नजर जमिनीवर होती.

शालनताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. अर्जाचं त्यांनी काही विचारलं नाही.

"अहो, कोणाचा फोन आला होता?"

"हॉस्पिटलचा," गुणाजी म्हणाले. "खांडव्याकडून. तू आंघोळीला गेली होतीस."

मग ते तुटक तुटक सांगत गेले. तीन वर्षांपूर्वी गावी जमिनीच्या कामाला म्हणून ते तीन दिवस गेले होते, तेव्हा ते गावी नाही, खांडव्याला गेले होते. ते पोचले त्याच्या आदल्या रात्री सूरज गेला होता. न्युमोनिया झाला होता. सगळं तिथेच उरकलं, एकट्याने. कागदपत्रांसाठी त्या लोकांचे पुन्हा फोन येणार होते.

"फोन तूच उचलला असतास. आल्यावर पहिल्यांदा नंबर बदलून घेतला. म्हटलं, महिनाभराने सांगीन. मग रविवार आला. तू म्हणालीस, रिंग द्या हो, बघू चालू आहे का. मी दिली."

दर्शना भिंतीला टेकून रडत होती. काळुराम हातात वायर धरून तसाच उभा राहिला. बसावं की निघावं, त्याला कळेना.

शालनताई रडल्या नाहीत.

"आपला नंबर त्यांना कुठे मिळाला? खिशात चिठ्ठी होती?"

"खिशात काहीच नव्हतं. तिथल्या नर्सने त्याला विचारलं, घरी कोण आहे? स्वतःचं नावही नीट सांगता येत नव्हतं त्याला. नंबर तेवढा सांगितला. फोन लावा म्हणाला."

"असं म्हणाला?"

"दोनदा म्हणाला. नर्सच सांगत होती."

शालनताई हळूच खाली बसल्या. सूरज घरातून गेला त्या दुपारी गोळी घेत नाही म्हणून त्या त्याला नको ते बोलल्या होत्या. हे त्यांनी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. सात वर्षं त्यांना वाटत होतं, तो त्या रागाने फोन करत नाही.

"म्हणजे त्याला घरी यायचं होतं," त्या म्हणाल्या. "एवढं तरी मला सांगायचं होतंत."