नळ सोडून

"मी बोलते," म्हणत समुपदेशक बाईंसमोरची खुर्ची आईने माझ्याआधी पकडली. येताना रिक्षात ती मला सारखी झापत होती. खाऊनपिऊन सुखी पोरीला कसलं आलंय डिप्रेशन?

"त्रास कधीपासून आहे?" बाईंनी मला विचारलं.

"त्रास आम्हाला आहे," आई फणकारली. "सहा महिने झाले, ही नोकरीला गेलेली नाही. अंघोळीला गेली की तासभर दार उघडत नाही. नळ सोडून आत रडत बसते. सोसायटीत पाणी येतं एकच तास, आणि ही ते मोरीत घालवते!"

"नळ सुरू असताना ती रडतेय, हे तुम्हाला बाहेर कसं कळतं?"

"न कळायला काय झालं?" आई कडाडली. "मीही बावीस वर्षं तशीच रडले. पण खाली बादली लावून. एक थेंब वाया घालवला नाही."

बाईंनी टिश्यूचा डबा माझ्यासमोरून उचलून आईसमोर ठेवला.

आईने तो सरळ माझ्याकडे ढकलला. "हिला द्या. मला काय धाड भरलीय?"