होल्डचा माल
आम्ही चाकणच्या चौकात कागदी लगद्याचं हत्तीएवढं वांगं मांडलं होतं. जनुकं बदललेल्या पिकांच्या तपासणीचे नियम सैल होऊ नयेत, म्हणून सह्या मागत होतो. लोक वांग्यासोबत सेल्फी काढून सटकत होते. बोलून बोलून माझा घसा बसला. तेवढ्यात गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीची बस थांबली. तिथं पार्ट तपासणारी सादिका उतरली. तिनं उभ्याउभ्या पत्रक वाचलं, पर्समधून शंकेचा माल अडवून ठेवायचा पिवळा टॅग काढला आणि वांग्याच्या देठाला बांधला: “होल्ड. तपासणी बाकी.” अख्खी बस हसत खाली उतरली, सह्यांना रांग लागली. गर्दी बघून हवालदार धावला. “कुणाचं वांगं हे? हलवा आधी!” रांग एका सुरात ओरडली, “साहेब, होल्डचा माल तपासल्याशिवाय हलत नाही!” हवालदारानं टॅग वाचला. मिशीत हसला आणि मागं हॉर्न मारणाऱ्या टेम्पोवर खेकसला, “ए भावा, बाजूनं घे! माल होल्डवर हाय!”