पाट्या उपटलेली बाग

“तुम्ही माझ्या नवऱ्याला मारलंत, आणि वर बाग देखणी म्हणून बक्षीसही घेतलंत. पाट्या कुणी काढल्या, ते मला आज लेखी हवंय.”

मिसेस पॅलिस्टर बागेच्या चहाखोलीत उभ्या राहून बोलत होत्या. समोर समितीपैकी कुणी नव्हतं. समितीने टेबटला पुढे केलं होतं. वरच्यांची रीत सगळीकडे एकच. हुकूम त्यांचा, हात दुसऱ्याचा, आणि शिव्या खायला तिसरा. इथे दुसरा आणि तिसरा एकच माणूस होता.

रोलंड टेबट. वय एकोणसत्तर. हॅझलकोटच्या नावाजलेल्या बागेत तीस वर्षं बिनपगारी वाटाड्या. फेब्रुवारीत समितीने सांगितलं, या पाट्यांनी बाग दफनभूमीसारखी दिसते, परीक्षक येण्याआधी उपटा. टेबटने उपटल्या. त्यात एक होती, ‘रानलसूण, इथूनच खुडा.’ तिच्यापासून दहा पावलांवर दुसरी, ‘कोल्चिकम, विषारी.’

एप्रिलच्या पहिल्या रविवारी इथे येणाऱ्याला मूठभर रानलसूण घरी न्यायची मुभा असते. जुनी चाल आहे. मिसेस पॅलिस्टरनी पानं नेली, सूप केलं. त्यांचा नवरा लेनर्ड चौथ्या दिवशी इस्पितळात वारला. सुपात गेलं होतं ते रानलसणीसारख्याच पानांचं कोल्चिकम.

येत्या मंगळवारी मृत्यूची सरकारी चौकशी होती. समिती म्हणत होती, बाईंनी नीट पाहिलं नाही. बाई म्हणत होत्या, पाटी असती तर पाहिलं असतं. टेबटच्या खिशात त्याने स्वतः लिहिलेला कागद होता. पाट्या मी काढल्या, माझ्यामुळे माणूस गेला. रोपाची जात, जागा आणि सही तेवढी राहिली होती. तीन आठवडे त्याचा डोळ्याला डोळा लागला नव्हता.

“चला, जागा बघू,” तो म्हणाला. “म्हणजे मंगळवारी आपण दोघं एकच सांगू.”

“मला काय कळतंय त्यातलं? गुलाब आणि कोबी, माझी विद्या संपली.”

“बागेची हौस लेनर्डना होती का?”

“त्याला? त्याला खुर्चीची हौस होती. सूप पुढ्यात आलं की पेपर खाली ठेवायचा, तेवढाच व्यायाम.”

“तुम्ही नाही घेतलंत सूप?”

“मला लसूण सोसत नाही.”

टेबटला वाईट वाटलं. भलतंच विचारलं आपण.

वाट ओली होती. बाकावर एक म्हातारा थर्मासमधला चहा पीत बसला होता. त्याने टेबटला हाक मारली. “काय रे रोलंड, पाट्या गेल्यापासून आमची बायको दिसेल त्या फुलाला डॅफोडिल म्हणते. चाळीस वर्षांत एवढी खूश नव्हती.”

टेबट हसला नाही. त्याचा हात खिशातल्या कागदाकडे गेला. बेचैन झाला की तो नावं सांगत सुटायचा, तसा सुटला.

“ही प्रिमरोज. हे ठिपक्यांच्या पानाचं, पल्मोनेरिया. मान खाली घातलेलं ते फ्रिटिलरी. हे पांढरं, ओढ्याकाठचं, स्नोड्रॉप. यंदा उशिरा आलंय.”

मिसेस पॅलिस्टरनी ओठ घट्ट मिटले. नवऱ्याची आठवण झाली असेल, असं टेबटला वाटलं. पुढे वीस पावलं गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं, ते स्नोड्रॉप नव्हतंच. एप्रिल सरताना कुठलं स्नोड्रॉप? ते तसंच दिसणारं स्नोफ्लेक होतं. तीस वर्षांत ही चूक पहिली. झोप गेलीच होती, आता जीभही साथ देईना.

“लवकर आटपा,” बाई म्हणाल्या. “मला साडेचारची बस आहे.”

ताटव्यापाशी तो थांबला. फूल एकही नव्हतं. कोल्चिकमला फूल शरदात येतं, वसंतात नुसती पानं. हिरवी, गुबगुबीत, निष्पाप पानं. टेबटने कागद गुडघ्यावर धरला, पेन काढलं आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं.

“‘मिसेस पॅलिस्टर यांनी पानं खुडली ती कोल्चिकम ऑटमनेल या जातीची. जागा, वाटेच्या टोकाचा ताटवा.’ बरोबर ना?”

“बरोबर कसं?” बाई त्याच्या खांद्यावरून वाचत होत्या. “हे ऑटमनेल नाही, हे बायझँटिनम आहे. पान बघा ना, केवढं रुंद, वर चुण्या. ऑटमनेल तिकडे भिंतीच्या कडेला आहे. अरुंद, तुळतुळीत. मी खुडली ती तिथली. निदान सरकारी कागदावर तरी नाव नीट लिहा हो.”

चुकीचं नाव ऐकून गप्प बसेल असा बागवेडा इंग्लंडात जन्मायचा आहे. एकदा बसतो. दुसऱ्यांदा नाही.

बाईंच्या उशिरा लक्षात आलं. त्या बसची वेळ पाहू लागल्या. वाटेवर कुणी नव्हतं.

टेबटने पेनाला टोपण लावलं. कागदाची घडी घातली, सही न करता.

“मिसेस पॅलिस्टर, फूल नसताना नुसत्या पानावरून ही दोन ओळखायला मला बारा वर्षं लागली. बस जाऊ दे. माझ्याकडे बघा आणि सांगा, त्या रविवारी तुम्हाला पाटी कशाला हवी होती?”