प्रमाणापुरता संशय

“हो, नाही किंवा सांगता येत नाही. तीनच उत्तरं. पाल्हाळ नको,” तिने नवऱ्याला बजावलं आणि टेबलावरची ताटं बाजूला सारून कागद मांडले.

“आणि तू काय करणार?”

“मी नुसती वाचणार. चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही, असा नियम आहे.”

माणसाच्या मनात संशय किती, हे मोजणारी ही चाचणी तिचीच. ती खरंच संशय मोजते का, नॉर्मल माणसाला तीत किती गुण पडतात, हे ठरवायला तिच्या मानसशास्त्र विभागात शेकडो माणसं तपासून झाली होती. चाळिशीतले पुरुषही पुरेसे झाले होते. तरी “एकच माणूस कमी पडतोय रे,” असं तिने साळसूदपणे सांगितलं होतं. महिनाभर हा बाबा फोन आला की उठून गॅलरीत जात होता. कोणाशी बोलतोस, हे तोंडावर विचारायची तिची छाती नव्हती. मनात चोर असला तर चाचणीत दिसेल की!

“लोक माझ्या पाठीमागे माझ्याबद्दल बोलतात.”

“नाही.”

“ऑफिसातले लोक माझं श्रेय लाटतात.”

“नाही. लाटण्याएवढं आहे कुठे?”

“पाल्हाळ नको म्हटलं ना!”

तो गालातल्या गालात हसला. पुढेही त्याचा ‘नाही’चा पाढा चालूच राहिला. शेवटचा प्रश्न आला. आवाज तिने नियमाप्रमाणे सपाट ठेवला.

“जवळचं माणूस माझ्या नकळत माझा मोबाइल बघतं.”

त्याने टेबलावरच्या मोबाइलकडे पाहिलं. मग तिच्याकडे.

“नाही.”

हुश्श! तिचा जीव भांड्यात पडला. तिने बेरीज केली. शून्य. आणि लगेच मनात पाल चुकचुकली. एवढ्या माणसांत शून्य कुणालाच पडलं नव्हतं. अगदी सुखी माणसालाही थोडा संशय असतोच, तेवढा नॉर्मल. शून्य आलं की समजायचं, हा काहीतरी दडवतोय. बैठकीत सगळ्यांना हे तिनेच ठासून सांगितलं होतं.

“एवढा विश्वास कुणाचाच नसतो,” ती म्हणाली. “खरं सांग, खोटं उत्तर दिलंस ना?”

“एक दिलं.”

“कुठलं?”

त्याने उठून पायांत चपला सरकवल्या. “दूध घेऊन येतो. मोबाइल इथेच ठेवतोय. बघून झाला की चार्जिंगला लाव. काल विसरलीस, सकाळी बंद पडला होता.”

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दार ओढून तो जिना उतरला, तेव्हा कुठे तिने मान वर केली. मुकाट्याने मोबाइल चार्जिंगला लावला आणि पालथा ठेवला.

एक खोटं दिलं म्हणाला. पण एकच दिलं, हे तरी खरं कशावरून?

जिन्यातली पावलं पुरती विरेपर्यंत ती थांबली. मग तिने मोबाइल सुलटा केला.