पांढऱ्याखालचे डोळे

"फुलं तुला जमायची नाहीत, कुमुद." कॅनव्हासमधून आवाज आला. तिला चित्रकला शिकवणारे मास्तर जाऊन वर्ष झालं होतं. त्यांचं हे बोलणं तिने चाळीस वर्षं खरं मानलं होतं.

त्यांच्याच अर्धवट व्यक्तिचित्रावर ती जास्वंद रंगवत होती. फूल फसलं वाटलं, की त्यावर पांढरा थर फासायची; आणि अ‍ॅक्रिलिक रंग वाळताच पांढऱ्यातून मास्तरांचे डोळे वर यायचे.

आज तिने पांढऱ्या रंगाची बाटली उचललीच नाही. डोळ्यांवरच काळपट लाल थर दिला. तो वाळल्यावर लाल, मग गुलाबी. शेवटी परागांचे पिवळे ठिपके.

"पिवळा जास्त झाला," आवाज पुटपुटला.

"असू दे, मास्तर," म्हणत तिने कोपऱ्यात पहिल्यांदाच आपलं नाव लिहिलं.

डोळ्यांवर रंगवलेल्या दोन पाकळ्या पापण्यांसारख्या हळूच मिटल्या.