लाटेपुढे दोघं

म्हाताऱ्याने चित्राला बोट लावलं, आणि प्रणितने त्याला ओळखलं. सपाट फरशीवरही होडीत उभं राहिल्यासारखे पाय फाकवून उभा. परशुराम. प्रणितचा बाप.

मीरा रोडच्या कलादालनात प्रणितच्या चित्रांचं प्रदर्शन लागलं होतं. ब्रश त्याने कधीच सोडला होता. सुरीने रंग थापायचा, थरावर थर. त्याच्या लाटा कॅनव्हासच्या चार बोटं पुढे यायच्या, त्यांची स्वतःची सावली पडायची. लोक म्हणायचे, हे चित्र की शिल्प?

ऐन उमेदीत त्याने बापाच्या होडीसाठी आणलेला रंग असाच एका फळीवर ओतून संपवला होता. बापाने हात उगारला. "पुन्हा तोंड दाखवू नको," म्हणाला. प्रणितने ते शब्दशः पाळलं. डोंगरी हे किनाऱ्यावरचं आपलं गाव सोडलं आणि मीरा रोडच्या शांती नगरात येऊन राहिला. अंतर रिक्षाने जाण्याइतकंच, पण एवढ्या वर्षांत ते काही त्याच्याने कापवलं नाही.

आता त्याची दाढी पिकली होती, डोक्यावरचे केस गेले होते. परशुरामच्या डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा होता. त्याने वळून प्रणितकडे पाहिलं आणि पुन्हा चित्राकडे नजर वळवली.

ओळखलं नाही. प्रणितला हायसं वाटलं, आणि लगेच त्याची लाजही वाटली.

"सुकला का हा रंग?" म्हाताऱ्याने विचारलं.

"वरून सुकलाय. आत अजून ओला असेल. जाड थराला वर्षं लागतात."

"चित्रं काढणारा येतो का हितं?"

"येतो कधी कधी."

"आज?"

"आज नाही."

म्हाताऱ्याने चष्मा नाकावर नीट बसवला. "घरच्यांचं नाव काढतो का कधी?"

प्रणितच्या ओठांवर शब्द आला. बाबा, एवढंच म्हणायचं होतं. तेवढ्यात कलादालनाचा मालक चंदन दोन बड्या पाहुण्यांना घेऊन आत आला.

"माहीत नाही," प्रणित म्हणाला.

"चांगलं काम केलंय म्हनावं," म्हातारा म्हणाला आणि दाराकडे निघाला.

"कौन थे?" चंदनने विचारलं.

"पता नहीं. ऐसे ही कोई."

दारात चप्पल घालता घालता म्हातारा क्षणभर थांबला. मग गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच प्रणितने डोंगरीची बस पकडली. वाटभर तो एकच वाक्य मनात जुळवत होता: बाबा, काल तुम्ही ज्याच्याशी बोललात ना, तो मीच.

त्याची आई इंदुबाई ओट्यावर सुकी मासळी निवडत बसली होती. त्याला पाहताच तिने सूप बाजूला सारलं आणि त्याच्या तोंडावरून हात फिरवला.

"बाबा कुठायत?"

"धक्क्यावर गेलेत. काल आल्यापासून जेवले न्हायत."

"त्यांनी मला ओळखलं नाही गं, आई. मीच सांगायला हवं होतं. जीभच उचलली नाही."

इंदुबाई त्याच्याकडे बघतच राहिली.

"वळखलं न्हाय? अरे, काल उंबऱ्यातूनच म्हनाले, पोराशी बोलून आलो. त्याच्या मनात वळख द्यायची नव्हती, मग चार मानसांत मी कशाला त्याला लाजवू?"